माझा अंगठा आणि रेवतीचा हात

"दुसरा टाकलास. चौथ्याच्या जागी दुसरा टाकलास गं पुट्टी, दुसरा—"

हे ओरडणारा मी. गाडी अजून थांबलीसुद्धा नव्हती. शहराबाहेरच्या त्या जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर रेवतीची लाल हॅचबॅक धूर सोडत नुसती घरंगळत चालली होती. इंजिन मेलं होतं. मागे डांबरावर तेलाची काळी रेघ उमटत होती, आणि मी कठड्यावरून उडी मारून त्या रेघेच्या कडेकडेने धावत ओरडत होतो. माझं वजन तेव्हाही क्विंटलभर, धावताना पोट एकीकडे आणि मी दुसरीकडे. तरी आवाज असा लावला होता की होसूरपर्यंत ऐकू गेला असेल. सगळ्यांना ऐकू जावं असा. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच.

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

थांबा. माझ्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर आत्ता हसलं असेल. कारण रेवतीने चौथ्याऐवजी दुसरा गिअर कसा टाकला, ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली आहे. लग्नांत, बारशांत, गणपतीत, एकदा तर सुतकातल्या घरीसुद्धा — आणि तिथेही लोक तोंडावर पदर घेऊन हसले. पण ती गोष्ट वेगळी. ती मी बनवलेली. ही जी झाली ती, ती एकदाही सांगितली नव्हती. अलीकडे एकदाच, एका माणसाला सांगून पाहिली. त्याचं काय झालं ते शेवटी येईलच. आणि खरं सांगू का, ही सांगायला फार वाईट गोष्ट आहे. कुठे हशा येत नाही. कुठे थांबावं ते कळत नाही.

तुम्हाला आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. नाहीतर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल, आणि तो धोका नको.

आम्ही बेंगळूरचे मराठे. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आमचा मूळपुरुष इथे आला, घोड्यांना नाल ठोकता ठोकता राहिला, आणि फौज परत गेली तेव्हा तो जेवत होता म्हणून मागे उरला — असं मी सांगतो. यातलं खरं एवढंच की आम्ही इथले जुने आहोत, घरात अर्धं मराठी आणि अर्धं कन्नड बोलतो, 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणतो, आणि जेवायला बसलो की उठत नाही. माझं दुकान शिवाजीनगरात. इंजिनांच्या हेडचं काम. मी असंही सांगतो की एकदा म्हैसूर रोडवर चालत्या ट्रकच्या बॉनेटवर बसून मी त्याचं हेड बदललं, ड्रायव्हरला कळलंसुद्धा नाही. यातलं खरं — ट्रक होता.

सवय आहे. मी काय करू? गोष्ट माझ्या तोंडातून निघते तीच धष्टपुष्ट होऊन. दुकानात चार माणसं जमली की मला त्यांचे चेहरे उजळलेले बघायचे असतात. पैशांपेक्षा ते बरं वाटतं. यात कुणाचं वाईट होत नाही असं मी पंचवीस वर्षं धरून चाललो होतो.

तर, अंगठा.

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा मजला. त्याला दारं असतात, ते व्हॉल्व्ह. कॅम नावाचा दांडा फिरता फिरता दार ढकलून उघडतो आणि स्प्रिंग ते ओढून लावते. एवढंच. इंजिन संथ चाललं तर कसलीही स्प्रिंग चालते. पण शर्यतीचं इंजिन सुसाट फिरतं. तिथे स्प्रिंग मऊ पडली की दार वेळेवर लागत नाही, आणि खालून उसळी मारून येणारा पिस्टन त्या उघड्या दारावर आपटतो. मग जे होतं त्याला आम्ही लोक 'खिचडी' म्हणतो. म्हणून गाडी शर्यतीला तयार करायची तर मोठा कॅम घालतात, आणि त्याच्याबरोबर स्प्रिंगा कडक घालाव्याच लागतात. कडक किती, हे मोजायला यंत्र असतं. माझ्याकडेही होतं. मागच्या बाजूला, गोणपाटाखाली.

गोणपाटाखाली का? कारण माझी ख्याती अशी होती की मला यंत्र लागत नाही. अण्णा अंगठ्याने स्प्रिंग दाबतो आणि सांगतो — ही मऊ, ही कडक. लोक जयनगरहून, यलहंकाहून बघायला यायचे. एकाने तर अंगठ्याचा विमा काढायला सांगितलं. खरं म्हणजे माणसाच्या अंगठ्याला तेवढा फरक कळणं अशक्यच. रेड्याला अंगठा असता तर त्यालाही कळला नसता. मी काय करायचो — सकाळी शटर अर्धं खाली ठेवून स्प्रिंगा यंत्रावर मोजायचो, आणि मऊ निघतील त्यांच्या शेवटच्या वेढ्यावर कानशीने एक बारीक खाच मारायचो. डोळ्याला दिसायची नाही. नखाला लागायची. मग दुपारी लोकांसमोर डोळे मिटून अंगठा दाबायचा आणि नखाने खाच चाचपायची. एवढीच विद्या.

हे मी पहिल्यांदाच लिहितोय. बायकोलाही माहीत नाही. कसंसंच होतंय. — पण मुद्दा हा नाहीच. हे तर जादूगाराने पत्ते दाखवण्यासारखं झालं, यात लाज आहे पण पाप नाही. पापाकडे यायचं मी टाळतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

रेवती माझ्या काकांची मुलगी. माझ्याहून पुष्कळ लहान, जवळजवळ मुलीच्या वयाची. घरात सगळ्यांचा मी अण्णा, तसा तिचाही. ती माझी पुट्टी, म्हणजे चिमुरडी. राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत मीच तिला गाडी शिकवली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हे वाढवून सांगत नाही. तिचा डावा हात गिअरवर नुसता ठेवलेला असायचा, जसा एखादा झोपलेल्या मांजरावर ठेवतो. ती गिअर टाकायची तेव्हा शेजारी बसलेल्याला कळायचं नाही. सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा धावपट्टीवर घड्याळाशी शर्यत. पुरुषांच्या गर्दीत एकटी. मुलं सुरुवातीला हसायची. मग हसायची बंद झाली. मग बोलायचीही बंद झाली.

त्या वर्षी कोइंबतूरचा एक संघ तिला बघायला येणार होता. त्यांना ड्रायव्हर हवा होता, पूर्ण हंगामासाठी. वेगवान पुष्कळ मिळतात, म्हणाले होते. आम्हाला गाडी जपणारा हात पाहिजे. रेवतीने हे मला सांगितलं तेव्हा स्वतःच्या हाताकडे पाहून लाजली होती. तिला एवढं एकच हवं होतं. नोकरी सोडण्याचं पत्रसुद्धा मनात लिहून झालं होतं तिचं. तिच्या गाडीत मोठा कॅम, कडक स्प्रिंगा, त्यांच्यावरच्या हलक्या टोप्या घालायच्या, आणि ते अण्णाच करणार. दुसऱ्या कुणाकडे ती गेलीच नसती.

आता ऐका. नाही — मी एक फेरी मारून आलो. खुर्चीत बसवत नाही. आता सांगतो.

इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह. सोळा स्प्रिंगा जुन्या, तिच्याच हेडमधून काढलेल्या. सोळा नव्या, कडक. दोन्ही दिसायला सारख्या. नव्यांची तार केसभर जाड, बस्स. नव्यांवर कारखान्याचा निळा ठिपका होता. तो ठिपका मी थिनरने पुसला. लोकांना सांगितलं, "नाहीतर म्हणाल अण्णा रंग बघतो." खरं कारण वेगळं होतं. खेळात चूक झालीच तर ती कुणालाच कळू नये, हे खरं कारण. हे मी तेव्हाही जाणून होतो.

हो, खेळ. तिच्या गाडीचं काम म्हणजे त्या शनिवारी माझ्या दुकानात जत्राच. तिचे ते न बोलणारे शर्यतवाले आले होते, गल्लीतले आले होते, शेजारचे फय्याजभाई स्वतःचं लेथ बंद ठेवून स्टूल घेऊन बसले होते. जुन्या-नव्या बत्तीस स्प्रिंगा एका ताटात मिसळायच्या आणि मी डोळ्यांवर टॉवेल बांधून अंगठ्याने वेगळ्या करायच्या, असं ठरलं. कुणी ठरवलं? मीच, आणखी कोण. त्या सकाळी मी शटरमागे बसून जुन्यांवर खाचा मारत होतो. सगळ्या झाल्या असं वाटत होतं, तेवढ्यात शटर वाजलं — रेवती, लवकर आलेली, माझ्यासाठी घरून फ्लास्कमध्ये कॉफी घेऊन. मी सगळ्या स्प्रिंगा झटकन ताटात लोटल्या. मोजल्या नाहीत.

टॉवेल बांधला. फय्याजभाईंनी ताट खळखळ हलवलं. मी सुरुवात केली. खाच लागली की उजवीकडे, जुनी. नाही लागली की डावीकडे, नवी. मध्येच मी एखादी कानाला लावायचो, वास घ्यायचो, "ही लग्नाची आहे" म्हणायचो, आणि लोक हसायचे. पण डोक्यात मी मोजत होतो. तसं मोजावंच लागतं. आणि शेवटची स्प्रिंग हातात आली तेव्हा उजवीकडे पंधरा होत्या आणि डावीकडे सोळा. म्हणजे ही जुनी असायला हवी.

नख फिरवलं. खाच नव्हती.

पुन्हा फिरवलं. नव्हती.

समजलं ना तुम्हाला? खाच नसलेल्या सतरा झाल्या, आणि नव्या तर सोळाच. म्हणजे एक जुनी माझ्याकडून खाचेविना राहिली होती. ती कदाचित हीच, हातातली. आणि मग सगळं ठीक. पण बहुतेक ती डाव्या ढिगात गेलेली, नव्यांत मिसळून, रेवतीच्या इंजिनात जायला निघालेली. हे मला त्या टॉवेलाच्या काळोखात लख्ख कळलं. नकळत झालं असं म्हणायची सोयच नाही. करायचं काय होतं? टॉवेल सोडायचा, खिशातून व्हर्नियर काढायचा, तारा मोजायच्या. दहा मिनिटांचं काम. एवढंच म्हणायचं होतं, "स्वल्प थांबा, एकदा मोजून घेतो."

"क्या अण्णा," फय्याजभाई म्हणाले, "आज अंगूठा सो गया क्या?"

आणि सगळे हसले. प्रेमाने हसले हो. पण अण्णाने मोजायचं म्हणजे — इतकी वर्षं अंगठा काय करत होता, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच ना? मी हातातली स्प्रिंग दोन बोटांत नाचवली आणि उजवीकडे टाकली. जुनी. टॉवेल काढला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती रेवती. मग तीच माझ्या शेजारी बसली आणि डाव्या ढिगातली एकेक स्प्रिंग पुसून, फुलं द्यावीत तशी, माझ्या हातात देत गेली, आणि मी त्या एकेक बसवत गेलो. गर्दी गेल्यावर तपासू, म्हणालो स्वतःला. गर्दी गेली नाही. हेड बंद झालं. मग म्हणालो, हातातलीच जुनी असणार. मग म्हणालो, एका स्प्रिंगने काय होतंय. मी इतरांना थापा मारतो तसा स्वतःलाही मारतो, आणि ऐकणारा त्या बाबतीत फार गुणी आहे.

रविवार सकाळ. धावपट्टी. कोइंबतूरहून आलेले गृहस्थ पांढरी टोपी घालून कठड्याशी उभे. रेवती सुटली. पहिला, दुसरा, तिसरा — तो आवाज मी विसरणार नाही, रेशमी कापड फाडावं तसा एकसंध. आणि तिसऱ्याच्या शेवटाला, तिने हात हलवायच्या आधीच — आधीच, हे नीट वाचा — पत्र्याच्या डब्यात कुणी हातोडी टाकावी तसा आवाज आला.

मला तत्क्षणी ती सतरावी आठवली. आणि माझ्या तोंडाने, माझ्या डोक्याला न विचारता, ओरडायला सुरुवात केली होती. दुसरा टाकलास. कारण इंजिनाची अशी खिचडी दोनच गोष्टींनी होते: स्प्रिंग मऊ, नाहीतर ड्रायव्हरने भर वेगात खालचा गिअर टाकून इंजिन नको तितकं फिरवलं. आतून दोन्हींचा अवशेष सारखाच दिसतो. पहिल्यात दोष माझा. दुसऱ्यात तिचा. माझं तोंड किती पटकन निवड करतं, बघा.

मी तिला दार उघडून बाहेर काढलं. आणि किल्ली बंद करायच्या निमित्ताने आत वाकलो. त्या गाडीत एक मोठं मीटर होतं, मीच बसवलेलं. त्याचं बटण दाबलं की इंजिन जास्तीत जास्त किती फिरलं तिथे काटा उडी मारून जातो. तेच बटण दाबून धरलं की ती आठवण पुसली जाते. मी दाबलं. काटा सात हजारांच्या जरा वर गेला. मर्यादा आठची होती. दुसरा गिअर पडला असता तर तो काटा दहाच्या पलीकडे, मीटर संपतं तिथे जाऊन आदळला असता. तिचा हात चुकला नव्हता. माझ्यासमोर लिहिलेलं होतं. चुकला नव्हता.

मी अंगठा बटणावर दाबून धरला. काटा शून्यावर येऊन पडेपर्यंत. तोच अंगठा.

कोइंबतूरचे गृहस्थ येऊन विचारू लागले, मीटर पाहिलं का? म्हटलं, पाहिलं, दहाच्या पुढे होता. पाच मिनिटांनी दुसऱ्या कुणाला सांगताना मी अकरा केले. आयुष्यभर मारलेल्या थापांपैकी लोकांनी न हसता मानलेली तेवढी एक. का मानणार नाहीत? बाईमाणूस, दडपण, गिअर चुकला. त्यांच्या मनात ती गोष्ट आधीपासून तयार होती, मी फक्त तिला तोंड फोडलं. ते गृहस्थ सभ्य होते. रेवतीला म्हणाले, तुम्ही वेगवान आहात. आणि टोपी काढून निघून गेले. ती गाडीला टेकून उभी होती, हेल्मेट काखेत, स्वतःचा डावा हात समोर धरून. त्याच्याकडे बघत होती.

"टाकला का मी दुसरा?" तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "होतं गं असं कधी कधी."

हेड मी एकट्याने उघडलं. तुटलेल्या व्हॉल्व्हवरची स्प्रिंग व्हर्नियरने मोजली. तार बारीक. जुनी. उजव्या ढिगात शेवटी टाकलेली काढून मोजली. जाड. मग ती बारीक स्प्रिंग खिशात टाकली. फेकून का नाही दिली? माहीत नाही. बरेचदा हातात घेतलीय फेकायला.

आणि मग मी काय केलं असेल? गप्प बसलो असेन असं वाटतं ना तुम्हाला? तेवढं तरी केलं असतं तर. मी त्याची गोष्ट केली. पहिल्यांदा सांगितली ती तिचं दुःख हलकं करायला, असं मला तेव्हा वाटलं. लोक हसले. मग ती माझ्या हातात राहिली नाही. पिस्टन बॉनेट फोडून उडाला. मग तो शेजारच्या नाचणीच्या शेतात पडला. मग शेतात जेवत बसलेल्या एका आजीच्या दहीभातात पडला, आणि आजीने लोणचं समजून चाटून पाहिला. दर गणपतीत पिस्टन थोडा लांब जायचा. "अण्णा, रेवतीअक्काचा पिस्टन सांगा" — लहानथोर मागणी करायचे. ती समोरच असायची. हसायची. सुरुवातीला ओठांनी, नंतर खरंच.

एका वर्षी मी "चौथ्याऐवजी दुसरा" इथपर्यंत आलो आणि ती मध्येच म्हणाली, "हाताला घाम होता ना माझ्या. गिअर निसटलाच."

घाम माझ्या गोष्टीत नव्हता. तो तिने आणला. आणि मला — हे लिहिताना बोट अडतंय — मला हायसं वाटलं. आता ती माझी थाप उरली नाही, आता ती तिचीही आठवण झाली, आता आम्ही दोघे साक्षीदार. पुढच्या वेळेपासून मी घाम घालू लागलो. छान बसला गोष्टीत.

तिने धावपट्टी सोडली हे मी अजून सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. ती पुन्हा गेली नाही, एवढंच. गाडी विकली. आता तिच्याकडे पांढरी ऑटोमॅटिक आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणमार्गावर ती डावीकडून, बेताने जाते. मागून कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न देत पुढे निघतात आणि ती त्यांना जाऊ देते. मी शेजारी बसलेलो असलो की खिडकीबाहेर बघतो.

एवढ्यावरही माझं चाललं होतं. झोप लागायची. तुम्हाला वाटत असेल टोचणी होती — नव्हती, वर्षानुवर्षं नव्हती. मग मागच्या महिन्यात आमच्याकडे जेवण होतं. पंगत बसलेली, स्वयंपाकघरातून सारूचं पातेलं बाहेर न्यायचं होतं, गरम, काठोकाठ. माझी बायको रेवतीला म्हणाली, धर गं जरा. आणि रेवती दोन पावलं मागे सरून, हसत वगैरे नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, "वैनी, दुसऱ्या कुणाला द्या. माझा हात भरवशाचा नाही."

कुणाचंच लक्ष गेलं नाही. पातेलं कुणीतरी नेलं. मी पानावर बसून होतो आणि समोरचा भात मला दिसेना. तो हात. झोपलेल्या मांजरावर ठेवल्यासारखा असायचा तो हात. तो आता पातेलं धरत नाही? आणखी काय काय धरत नाही? कधीपासून? मी कधी विचारलं होतं?

पुढच्या रविवारी खिशात ती स्प्रिंग आणि व्हर्नियर घालून तिच्या फ्लॅटवर गेलो. ती भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावटे, घेऊन बसली होती, चिमटीत दाबून दाण्यांच्या साली काढत. मी खुर्चीत न बसता सांगायला लागलो. खाच सांगितली, टॉवेल सांगितला, पंधरा आणि सोळा सांगितलं. मीटर सांगितलं. सात हजारांच्या वर, पुट्टी, फक्त सातच्या जरा वर, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या हाताने पुसलं. कुठेही वाढवलं नाही. मला न वाढवता सांगता येत नाही, त्यामुळे मध्येमध्ये वाक्यं तुटत होती. एकदाही विनोद केला नाही. ती साली काढत होती. दाणे एका भांड्यात, साली दुसऱ्या. माझं संपलं तेव्हा मी स्प्रिंग तिच्यासमोर ठेवली, व्हर्नियर शेजारी ठेवला, आणि म्हटलं, मोजून बघ.

तिने व्हर्नियरला हात लावला नाही. स्प्रिंग उचलली, ओल्या अंगठ्याने एकदा दाबली, आणि खाली ठेवली.

"सरी अण्णा," ती म्हणाली. "पण गाडीत मी होते, तू नव्हतास. हाताला घाम होता माझ्या."